ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह, मग ऑपरेशन कशासाठी?

पत्र

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दोनेक महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगाला खाज सुटली, ती आम्ही उन्हाळ्यावर ढकलली. मग डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि संडास मातकट पांढरी व्हायला लागली. पोटात दुखत नव्हतं. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे आणि यकृतातल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. बिलिरुबिन १३.८ होतं. काकांनी गावाकडून काविळीची माळ आणली, तीही घातली. एमआरसीपीत (पित्तनळ्यांचा एमआरआय) 'हायलर स्ट्रिक्चर (नळी अरुंद झालेली), क्लॅट्स्किन ट्यूमरची शक्यता' असं आलं. कॅन्सरच्या शंकेने करतात ती सीए १९-९ ही रक्ततपासणी आली ५१२. एंडोस्कोपीतून डाव्या बाजूला स्टेंट (पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी) टाकला आणि ब्रशने नमुना घेतला. त्याचा रिपोर्ट 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' आहे. बिलिरुबिन आता ५.२ वर आलंय. सर्जन म्हणतात, यकृताचा उजवा भाग आणि पित्तनळी काढावी लागेल. दुसऱ्या रुग्णालयात सांगितलं, आधी बाहेरून सुई घालून बायोप्सी करून घ्या. काका म्हणतात, रिपोर्ट निगेटिव्ह आहे तर पोट फाडायचं कशाला? आणि फाडायचंच असेल तर आत गेल्यावर तुकडा तपासून मग काय ते ठरवा. बाबांना आम्ही 'नळीत अडथळा आहे' एवढंच सांगितलंय. ऑपरेशनच्या आधी कॅन्सर आहे की नाही हे खात्रीने सांगणारी एकही चाचणी नाही का? नसेल तर आम्ही कशाच्या भरवशावर हो म्हणायचं? बाबांना नदीचे मासे फार आवडतात, त्याने हे झालं असेल का?

— एक मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर

नमस्कार ताई,

पत्र नीट लिहिलंत, आकडे दिलेत, त्यामुळे मला नेमकं बोलता येईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देतो. पित्तनळीच्या कॅन्सरमध्ये 'आहे' हे खात्रीने सांगता येतं, 'नाही' हे ऑपरेशनच्या आधी खात्रीने सांगणारी चाचणी नाही. ब्रशमध्ये कॅन्सरच्या पेशी मिळाल्या असत्या तर विषय संपला असता. त्या मिळाल्या नाहीत, एवढंच तुमच्या हातातला कागद सांगतो. काका त्याच्यातून 'कॅन्सर नाही' असं वाचताहेत आणि घरातला सगळा वाद तिथून सुरू होतोय.

ब्रशला पेशी का मिळत नाहीत, ते आधी सांगतो. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून येणाऱ्या दोन पित्तनळ्या जिथे एकत्र येतात त्या जागेला हायलम म्हणतात. तिथल्या कॅन्सरचं वर्णन जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये केलं, म्हणून रिपोर्टात त्यांचं नाव येतं. ही गाठ बहुतेक वेळा नळीच्या पोकळीत फुलकोबीसारखी वाढत नाही. ती नळीच्या भिंतीतून, भिंतीच्या बाहेरच्या अंगाने पसरते. शिवाय ती टणक असते. तिच्यात तंतुमय ऊती भरपूर आणि कॅन्सरच्या पेशी विरळ, विखुरलेल्या. एंडोस्कोपीतला ब्रश फिरतो तो नळीच्या आतल्या अस्तरावरून, आणि ते अस्तर कित्येकदा शाबूत असतं. वरून पेशी थोड्या, त्यात सूज, पित्त, मेलेल्या पेशी. पॅथॉलॉजिस्टने काचेवर जे आलं तेच पाहिलं आणि जे दिसलं तेच लिहिलं. त्यांची काही चूक नाही.

प्रत्यक्षात कॅन्सर असलेल्या शंभर रुग्णांमध्ये ब्रशने तो साधारण पंचेचाळीस जणांत सापडतो. नळीच्या आतून चिमट्याने तुकडा घेतला तरी आकडा जवळपास तेवढाच. दोन्ही एकत्र केले तर साठाच्या आसपास. उलट, कॅन्सर नसताना ब्रश 'आहे' म्हणाला असं फार क्वचित घडतं.

आता काकांसाठी एक हिशोब मांडतो. हा नुसता समजण्यासाठी आहे, तुमच्या बाबांचा अंदाज नव्हे. समजा लक्षणं आणि एमआरसीपी बघून अनुभवी डॉक्टरांना वाटलं की अशा शंभर रुग्णांपैकी ८५ जणांना कॅन्सर असेल आणि १५ जणांना नसेल. सगळ्यांचा ब्रश केला. ८५ पैकी ३८ जणांचा पॉझिटिव्ह येईल, ४७ जणांचा निगेटिव्ह. ज्यांना कॅन्सर नाहीच त्या १५ जणांचाही निगेटिव्ह येईल. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडलेले एकूण ६२ जण, आणि त्यातल्या ४७ जणांना कॅन्सर आहे. निगेटिव्ह आल्यानंतरही चारांतल्या तिघांना! शंका ८५ वरून ७५ वर आली, एवढाच त्या रिपोर्टचा वकूब. तुमचे सर्जन तो कागद बाजूला सारून ऑपरेशनचं बोलतात ते हटवादीपणाने नव्हे.

मग ते कशाच्या आधारावर बोलताहेत? चित्र एकत्र बघून. न दुखता आलेली, हळूहळू वाढत गेलेली कावीळ, खाज, पांढरी संडास म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये. खड्यामुळे नळी तुंबली तर बहुधा दुखतं, थंडी-ताप येतो, आकडे वरखाली होतात. पित्ताशयात बारीक खडे आहेत म्हणून कावीळ खड्यांचीच, असं धरून महिना-दोन महिने घालवलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत. पित्ताशयातले खडे आपल्याकडे इतके सर्रास सापडतात की ते दुसऱ्या आजाराच्या शेजारी नुसतेच बसलेले असू शकतात. तुमच्याकडे एमआरसीपी वेळेवर झाली हे चांगलं झालं. त्या रिपोर्टात पित्ताशय आकसलेलं आणि हायलमच्या खालची नळी बारीक, साधी आहे असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर अडथळा वर आहे हे जुळतं.

पण चित्र जुळतं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही, आणि इथे मला तुमच्या डॉक्टरांना थोडे प्रश्न विचारायला लावायचेत. हायलमचा कॅन्सर समजून केलेल्या ऑपरेशनांमध्ये दर शंभरात साधारण पाच ते पंधरा वेळा काढलेल्या भागात कॅन्सर निघत नाही. जगभरच्या चांगल्या केंद्रांतला हा अनुभव आहे. जो सर्जन हे आधी सांगतो त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. 'हंड्रेड पर्सेंट कॅन्सर आहे' असं निगेटिव्ह ब्रश समोर असताना कुणी म्हणालं, तर मी दुसरीकडेही विचारून येईन.

कॅन्सरचं सोंग घेणाऱ्या आजारांपैकी ऑपरेशनच्या आधी शोधलाच पाहिजे असा एक आहे, तो म्हणजे आयजीजी-फोर या रक्तातल्या प्रतिपिंडाशी निगडित असलेला पित्तनळीचा दाह. शरीराची प्रतिकारशक्तीच नळीच्या भिंतीवर उलटते, भिंत जाड होते, नळी अरुंद होते. हा आजार होतो तोही मुख्यतः साठीच्या पुढेमागे असलेल्या पुरुषांना, आणि कावीळही न दुखता येते. फरक एवढाच की तो बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. यकृत कापायची गरजच पडत नाही. रक्तातली आयजीजी-फोरची पातळी तपासायला एक साधी नळी रक्त लागतं. तुमच्या पत्रात या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर आधी ती करून घ्या. आणि सीटी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला विचारा की स्वादुपिंड सुजल्यासारखं दिसतंय का, कारण या आजारात ते पुष्कळदा सोबत सुजतं. लाळग्रंथींना सूज येऊन गेली होती का, हेही बाबांना विचारा. एक सावधगिरी मात्र हवी. आयजीजी-फोर थोडंसं वाढलेलं कॅन्सरच्या काही रुग्णांतही आढळतं. त्यामुळे आकडा जरा वर आला की लगेच 'स्टेरॉइड देऊन बघू' असं नको. द्यायचंच ठरलं तर ते यकृताच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोड्या ठरावीक मुदतीसाठी आणि पुन्हा स्कॅन करून उतार पडताळायच्या बोलीवर.

बाकीची सोंगं पटकन सांगतो. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला मोठा खडा बाहेरून नळी दाबतो, त्याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. बाबांचे खडे बारीक आहेत, तरी रेडिओलॉजिस्टने ही शक्यता स्पष्ट शब्दांत नाकारलेली बरी. क्षयाच्या गाठी हायलमपाशी वाढून नळी दाबू शकतात, आणि आपल्या देशात क्षयाचा विचार डोक्यातून कधीच काढता येत नाही. यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन जुन्या गुठळीमुळे बंद असेल तर तिच्या भोवती वाढलेल्या शिरांचं जाळं नळीला आवळतं. हे सगळं चांगल्या स्कॅनवर बहुधा ओळखता येतं. पूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं असतं तर तेव्हाची इजा हाही मोठा प्रश्न असता, पण बाबांचं पित्ताशय जागेवर आहे.

स्कॅनवरून आठवलं. एमआरसीपी पित्ताच्या नळ्या सुरेख दाखवते. पण ऑपरेशन होण्याजोगं आहे की नाही हे ठरतं रक्तवाहिन्यांवरून: पोर्टल व्हेन आणि यकृताची धमनी गाठीत सापडल्यात का. त्यासाठी इंजेक्शन देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी लागतो. तो स्टेंट टाकण्याच्या आधी झालेला असला तर उत्तम. स्टेंटमुळे फुगलेल्या नळ्या मिटतात, भिंतीला सूज येते, आणि गाठ कुठवर गेली ती रेघ पुसट होते. आपल्याकडे घाई होते ती इथे. कावीळ उतरवायला आधी स्टेंट, मग सावकाश सीटी. तुमच्याकडे सीटी आधी झालाय का ते फाइलमध्ये बघा. झाला असेल तर त्याची सीडी जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तीच हवी असणार. फक्त कागदी रिपोर्ट घेऊन दुसरं मत घ्यायला जाऊ नका.

सीए १९-९ चा ५१२ हा आकडा ऐकून घरात सगळे घाबरले असणार. नॉर्मल ३७ पर्यंत धरतात, त्यामुळे तो भयंकर वाटतो. पण पित्त तुंबलं की हा आकडा कॅन्सर नसतानाही चढतो, नळीत जंतुसंसर्ग झाला तर फारच चढतो. आणि शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांना कॅन्सर असला तरी आकडा शून्याजवळ राहतो. म्हणून बिलिरुबिन १३.८ असतानाचा ५१२ मी फार मनावर घेत नाही. बिलिरुबिन नॉर्मलच्या आसपास आलं की हीच तपासणी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. अडथळा निघूनही आकडा शेकड्यांतच राहिला तर कॅन्सरची शंका बळावते. हजाराच्या पुढे पळाला तर पोटात इतरत्र पसरलंय का ते सर्जन अधिक कसून शोधतील.

आता सुईच्या बायोप्सीबद्दल. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट अशी आहे जिथे मी ठामपणे 'थांबा' म्हणेन. ऑपरेशन होण्याजोगी गाठ असेल तर पोटाच्या बाहेरून सुई घालून हायलमच्या गाठीचा तुकडा घेऊ नये. सुईच्या वाटेवर आणि पोटाच्या पोकळीत कॅन्सरच्या पेशी सांडू शकतात. आज जो आजार एका जागी आहे तो उद्या पोटभर होण्याचा धोका आपल्या हाताने घ्यायचा, तोही अशा चाचणीसाठी की जी पुन्हा निगेटिव्ह आली तर निर्णय आहे तिथेच राहणार. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकने, कापून काढता न येणाऱ्या हायलमच्या कॅन्सरमध्ये काही निवडक रुग्णांचं यकृत प्रत्यारोपण करण्याची पद्धत बसवली. तिच्यात बाहेरून अशी बायोप्सी झालेल्या रुग्णाला घेतच नाहीत. एवढा तो धोका मानला जातो. दुसऱ्या रुग्णालयाचा सल्ला अगदी बिनबुडाचा नाही, फक्त तो वेगळ्या रुग्णासाठीचा आहे. जिथे ऑपरेशन शक्यच नाही, यकृतात किंवा पोटाच्या आतल्या अस्तरावर आजार पसरलाय आणि केमोथेरपी सुरू करायचीय, तिथे तुकड्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे बायोप्सी आवश्यकच. त्या रुग्णालयाला साधा प्रश्न विचारा: "तुमच्या मते हे ऑपरेशन होण्यासारखं नाही का?" ते 'होण्यासारखं आहे' म्हणाले तर बायोप्सीचा आग्रह कशासाठी, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

आतून नमुना पुन्हा घ्यायला माझी हरकत नाही, पण त्याची किंमत मोजून. पित्तनळीत थेट शिरणारा बारीक कॅमेरा आता मोठ्या केंद्रांमध्ये मिळतो. त्याने नजरेसमोर तुकडा घेतला तर कॅन्सर पकडण्याचं प्रमाण शंभरात साठ-सत्तरपर्यंत जातं. ब्रशच्या पेशींवर गुणसूत्रांची फिश नावाची तपासणी केली तरी थोडी भर पडते. पण अशा प्रत्येक एंडोस्कोपीनंतर दर शंभरात साधारण तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, नळीत जंतू शिरू शकतात, आणि त्या संसर्गामुळे ऑपरेशन आठवडेच्या आठवडे लांबतं. आयजीजी-फोरची शंका खरोखर असेल, किंवा स्टेंट बदलायला नाहीतरी आत जायचंच असेल, तर जरूर घ्या. केवळ काकांच्या समाधानासाठी नको. पेट स्कॅनचंही तसंच आहे. दूरवर पसरलेला आजार शोधायला तो कामाचा, पण सूज आणि संसर्गही त्यात चमकतात, त्यामुळे 'गाठ कॅन्सरची आहे का' याचं उत्तर त्याच्याकडून मागू नये.

'आत गेल्यावर तुकडा तपासा, मग ठरवा' हे काकांचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं. ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून तपासतातही. पण तो बहुतेकदा कापलेल्या कडेचा असतो, कडेला कॅन्सर उरला नाही ना हे बघायला. मूळ गाठीचाच तुकडा काढायचा तर गाठीत सुरी घालावी लागते, म्हणजे पेशी सांडण्याचा तोच धोका आला. आणि टणक, विरळ पेशींची ती अडचण टेबलावरही सुटत नाही. बरेच सर्जन आधी दुर्बिणीतून पोटात नजर टाकतात. पोटाच्या आतल्या अस्तरावर किंवा यकृताच्या पृष्ठभागावर आजार दिसला तर तिथला तुकडा घेऊन मोठं ऑपरेशन टाळतात. हे तुमच्या सर्जनांना विचारा, आणि काकांनाही त्यात समाधान वाटेल.

ऑपरेशन लहान नाही, हे काकांचं बरोबर आहे. यकृताचा मोठा भाग पित्तनळीसकट काढण्याच्या शस्त्रक्रियेत ९० दिवसांच्या आत दर शंभरातले पाच ते पंधरा रुग्ण दगावल्याच्या नोंदी युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या केंद्रांनीच दिल्यात. जपानमधली काही केंद्रं यापेक्षा चांगली आहेत. गाठ पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर शंभरातले साधारण वीस ते चाळीस जण हयात असतात. हा आकडा थोडा वाटतो, पण ऑपरेशनखेरीज या आजारातून पूर्ण मोकळं होण्याची वाट जवळजवळ नाही. म्हणून तुम्ही ज्याच्या भरवशावर 'हो' म्हणाल तो भरवसा चाचणीवर कमी आणि माणसांवर जास्त असणार आहे. हे काम पोटाच्या कुठल्याही सर्जनचं नाही, यकृत-पित्तनळी-स्वादुपिंडाचीच ऑपरेशनं सातत्याने करणाऱ्या पथकाचं आहे. "अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता, आणि तुमच्याकडे किती रुग्ण घरी जातात?" हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

तुमच्या सर्जनांबद्दल माझं मत पत्रातल्या एका तपशिलावरून चांगलं झालं. स्टेंट डावीकडे टाकलाय. उजवा भाग काढायचा तर मागे उरणारा डावा भाग तुंबलेला चालत नाही, तो आधी मोकळा करून ताजातवाना करावा लागतो. म्हणजे पुढचा विचार करूनच काम चाललंय. आता बिलिरुबिन साधारण दोन-तीनपर्यंत उतरायची वाट बघतील. उरणाऱ्या भागाचं आकारमान सीटीवर मोजतील. ते एकूण यकृताच्या तीस-चाळीस टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर उजव्या भागाकडे जाणारी पोर्टल व्हेन आतून बंद करतात, म्हणजे डावा भाग काही आठवड्यांत वाढतो. रक्त गोठायला वेळ लागत असेल तर व्हिटॅमिन के देतील.

हे सांगितलं ते तुमच्या सोयीचं आहे म्हणून. तुम्हाला वाटतंय की उद्याच हो किंवा नाही म्हणायचंय. प्रत्यक्षात यकृत तयार होईपर्यंतचे काही आठवडे तुमच्याकडे आहेतच. त्यात आयजीजी-फोर, पुन्हा सीए १९-९, सीटीचं दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून वाचन आणि दुसरं मत हे सगळं बसतं, एक दिवसही वाया न घालवता. ब्रशच्या काचाही लॅबकडून मागून घ्या. पोटाच्या कॅन्सरचं काम नेहमी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने त्या पुन्हा बघितल्या तर कधी 'निगेटिव्ह'चं 'संशयास्पद' होतं. परळचं टाटा मेमोरियल तुमच्यापासून फार लांब नाही. सगळी तपासणी तिथेच करायला हवी असं मुळीच नाही, पण असे निर्णय जिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून घेतात अशा एका ठिकाणचं मत फाइलला जोडलेलं असावं. खर्चाची काळजी पत्रात नाही, तरी सांगतो: रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन त्यात बसतं का ते दाखल होण्याच्या आधी विचारा.

माशांचं मनातून काढून टाका. तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल ते ईशान्य थायलंडमधलं. तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याची पद्धत आहे, आणि त्यातून एक चपटा कृमी पित्तनळीत वस्तीला येतो. बाबांच्या ताटातला शिजवलेला मासा तसा नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही.

आणि ती माळ. नेहमीची विषाणूंची कावीळ काही आठवड्यांत आपली आपण उतरते, श्रेय गळ्यातल्या माळेला जातं. अडथळ्याची कावीळ माळेने उतरत नाही. आकडा १३.८ वरून ५.२ वर आला तो स्टेंटमुळे. काकांना माळ राहू द्यायची असेल तर राहू द्या, भांडू नका. मात्र सोबत कुठलंही काविळीचं औषध पोटात किंवा नाकात जाऊ देऊ नका. यकृत आधीच थकलंय आणि त्याचा अर्धाअधिक भाग काढायचाय.

राहिले बाबा. आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेला माणूस रुग्णालयं फिरून आलाय, एमआरसीपीच्या खोलीत गेलाय. त्यांना काहीच कळलं नसेल असं मला वाटत नाही. बहुधा ते तुम्हाला जपताहेत आणि तुम्ही त्यांना. पण एवढ्या जोखमीच्या ऑपरेशनच्या संमतीवर सही त्यांचीच लागेल, आणि ती 'नळीत अडथळा आहे' एवढ्यावर घेणं बरोबर नाही. त्यांना खोटं सांगायचं नाही आणि नसलेली खात्रीही द्यायची नाही. "अडथळा कॅन्सरचा असण्याची शक्यता जास्त आहे, पण पक्कं अजून कुणालाच सांगता येत नाही, काढून बघितल्यावरच कळेल," हे वाक्य खरं आहे आणि त्यांना पेलेल असं आहे. तुम्हाला जड जात असेल तर सर्जनना आधी सांगून ठेवा आणि त्यांच्यासमोर, काकांनाही सोबत बसवून, एकदाच बोलणं होऊ द्या. काकांचा हिशोबाचा प्रश्नही तिथेच मिटेल.

शेवटची एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला, पिवळेपणा पुन्हा वाढला किंवा बाबा गुंगीत गेल्यासारखे वाटले, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. स्टेंट तुंबून नळीत संसर्ग झालेला असू शकतो. रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या, आणि गाडीत बसतानाच स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.